पिवळ्या शेपटीचे उंदीर पळाले तर

भूकंप झाला त्या हिवाळ्यात लातूरच्या आमच्या गल्लीचा रेडिओपेक्षा माझ्या उंदरांवर जास्त भरवसा होता. यात उंदरांचा काही दोष नव्हता. तोंड मी उघडलं होतं.

मी मूळचा नांदेडचा. तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात पीएचडी करत होतो, आणि पोटासाठी लातुरात खोली घेऊन बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवत होतो. शिकवण्यांचं पीक तेव्हा नुकतंच जोमात यायला लागलं होतं. ज्या भिंतींना तडे गेले होते त्याच भिंतींवर क्लासच्या जाहिराती रंगवल्या जायच्या. रंगारी तडा सोडून दोन्ही बाजूंना अक्षरं काढायचा, त्यामुळे 'यशाची खात्री' हे शब्द लांबून बघितले तर मधोमध फाटलेले दिसत. किल्लारीकडून आलेली पोरंही आमच्या बॅचमध्ये होती. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, आणि ती कधी वर्गात दाराशेजारची जागा सोडत नव्हती.

उंदीर माझ्याकडे आले ते कॉलेजच्या प्राणीघरामुळे. भूकंपात त्याच्या छताला भेग पडली, खोलीला कुलूप लागलं, आणि माझे गाईड म्हणाले, "उंदीर तुझे, पीएचडीही तुझीच. दोन्ही घेऊन जा." म्हणून तीन पिंजरे चादरीत गुंडाळून मी लातूरच्या एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं काय आहे, तर मी कोंबड्या सांगितलं. लोह्याच्या पुढे चादरीतून एक शेपूट बाहेर आलं. तो आधी शेपटाकडे, मग माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अंडी देतात का?" पुढे लातूर येईपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. इतका ऐसपैस प्रवास मी परत कधी केला नाही.

घरमालक घड्याळं दुरुस्त करायचे. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही. चाचींनी पिंजरे बघितल्याबरोबर "नक्को" म्हटलं होतं. पण हे गटारीतले नाहीत, पांढरेशुभ्र आहेत, लाल डोळ्यांचे, कॉलेजचे, असं मी समजावलं. कॉलेजचे म्हटल्यावर त्या जरा नरमल्या. घरात एक बारावीची मुलगी होती, त्यामुळे कॉलेज या शब्दाला तिथे वजन होतं.

आता प्रयोग काय होता ते सांगतो, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. गळ्याशी थायरॉईड नावाची ग्रंथी असते, माणसाला तशी उंदरालाही. तिचा रस रक्तात कमी पडला की जीव थंडावतो, जास्त झाला की पेटतो. माझ्या एका पिंजऱ्यातल्या उंदरांना मी ती ग्रंथी मंदावणारं औषध पाण्यातून द्यायचो. ते दिवसभर एकमेकांवर ढीग करून बसत. अंगावरचे केस निस्तेज, चाल जड. चौकोन आखलेल्या पेटीत सोडले की कोपरा धरून विचार करत राहत. त्यांना थंडी फार वाजायची, म्हणून तो पिंजरा मी चाचींच्या चुलीच्या भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवला होता. दुसऱ्या पिंजऱ्याला उलट, थायरॉईडचाच रस पाण्यातून. ते पेटीत सोडले की किती चौकोन ओलांडले ते मोजताना माझी मान दुखायची. दुप्पट खायचे आणि तरी वाळत जायचे, टाळी वाजली की उडायचे, आपसांत चावायचे. तिसऱ्या पिंजऱ्याला साधं पाणी. ते उंदरासारखे उंदीर. थोडं हिंडायचं, थोडं खायचं, दिवसभर झोपायचं. त्यांच्या शेपटीवर मी पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला होता, म्हणजे चुकून पिंजरे बदलले तरी ओळखता यावेत.

चाचांनी तिन्ही पिंजरे नीट बघितले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पहिला पिंजरा म्हणजे माझा मेहुणा. दुसरा तुमची चाची. पिवळे आपण, मास्तर."

भूकंपानंतर गल्लीत एक नवाच रिवाज पडला होता. दिवस मावळायला लागला की घरातलं सगळं मागच्या मैदानातल्या पत्र्याच्या शेडखाली न्यायचं. गाद्या, पेटी, पिण्याचा माठ, म्हातारी माणसं. आणि सकाळी सगळं परत आत. दिवसा घर, रात्री मैदान. कुणी कुणाला सांगत नव्हतं, कुणाला लाजही वाटत नव्हती. माझेही पिंजरे त्या वरातीत असायचे. मंद उंदरांचा पिंजरा एका हातात मावायचा. बाकीचे दोन मोठे होते आणि भिंतीतल्या फडताळात एकावर एक असायचे, वर औषधाने पळणारे, खाली पिवळे. ते एकेक करून न्यायचे. वरचा आधी उचलायचा, मैदानात ठेवायचा, त्याच्यावर दुसरा. सकाळी परत तसंच, म्हणजे जो तो आपल्या जागी.

संध्याकाळी पिंजरे मैदानात आले की लोक भोवती जमत. जमिनीच्या पोटातलं उंदरांना आधी कळतं, असं समोरच्या घरातल्या पेन्शनर काकांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. झालं असं की पहिल्याच संध्याकाळी दुसऱ्या पिंजऱ्याची धावपळ बघून दोन घरांनी गाद्या गुंडाळून थेट रेणापूरच्या रस्त्याला लागायची तयारी केली. मग मी मास्तरकी काढली. माठावर हात ठेवून थायरॉईडवर व्याख्यान दिलं आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, एक नियम सांगितला. "हे औषधाने पळतात, यांच्यावर विश्वास नका ठेवू. पिवळ्या शेपटीवाल्यांवर ठेवा. त्यांना मी काही देत नाही. ते पळाले तर मात्र खरं समजा."

हे मी का म्हणालो, देव जाणे. उंदराला भूकंप आधी कळतो की नाही याचा मला तेव्हाही पत्ता नव्हता. पण समोर पन्नासेक माणसं गप्प बसून आपलं ऐकताहेत, अशा वेळी माहीत नाही असं म्हणणारा मास्तर मी अजून बघितला नाही.

त्या दिवसापासून गल्ली पिवळ्यांकडे बघायला लागली. सगळ्यात जास्त बघायची ती चाचांची मुलगी.

चाचींचं माहेर कंधारचं. भूकंपापासून त्यांचं एकच चाललं होतं, सगळे कंधारला भावाकडे जाऊ, तिथे जमीन शांत आहे. चाचा दुकान सोडायला तयार नव्हते, आणि मुलीची परीक्षा होती. नवराबायकोत शेवटी समझोता झाला तो माझ्या नियमावर. पिवळे शांत असेपर्यंत मुलगी इथे राहील, परीक्षा देईल. पिवळे पळाले की त्याच क्षणी सगळे कंधार. कंधारहून लातूरला रोज पेपरला येणं होणारं नव्हतं. वर्ष गेलं असतं, आणि त्या घरात बारावीला दुसरी खेप मिळणार नव्हती, हे ती, मी आणि चाचा न बोलता ओळखून होतो. त्यामुळे रोज संध्याकाळी ती पुस्तक बगलेत धरून पिंजऱ्याशी यायची, वाकायची, आणि शेडकडे तोंड करून सांगायची, "अम्मी, पिवळे झोपलेत." मग अभ्यासाला बसायची. मला त्यात गंमत वाटायची. तिला वाटत नसावी.

परीक्षेच्या थोडंसं आधी, एका दुपारी, हादरा बसला. मोठा नव्हता. भांडी वाजली, फडताळातून धूळ पडली. पण गल्ली एका श्वासात मैदानात होती. मी ऐन वेळेला पिंजरे विसरून आधी स्वतः बाहेर आलो होतो, हेही सांगून टाकतो. चाचांनीच मला परत आत ओढलं. दोघांनी मिळून मोठे पिंजरे एकावर एक होते तसेच उचलले आणि धावत बाहेर आणले. मंदांचा पिंजरा मुलीने आणला. ते उंदीर अजून झोपलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंजरे नेहमीसारखे एकेक करून आत ठेवले.

पुढचे दिवस शिकवणीत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पहाटेपासून बॅच, उजळणी, पुन्हा बॅच. पेटी, चौकोन, वजनं सगळं बंद. सकाळी डोळे मिटलेल्या अवस्थेत बाटल्या धुवायच्या, वरच्या पिंजऱ्याला औषधाचं पाणी, खालच्याला साधं, आणि पळायचं.

आणि मग परवा पहिला पेपर, अशा संध्याकाळी मुलगी पिंजऱ्याशी आली, वाकली, आणि काहीच बोलली नाही.

मी शेजारीच होतो. पिवळ्या शेपट्या पिंजऱ्याच्या जाळीवरून वरखाली करत होत्या. एक उंदीर त्याच त्या कोपऱ्यातून गोल फिरत होता, दुसरा जाळी चावत होता. कुणाचं तरी भांडं वाजलं तर सगळेच्या सगळे उडाले. तिने माझ्याकडे बघितलं. शेडमधून चाचींचा आवाज आला, पिवळे झोपले का.

तिने एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खोटं सांगितलं. "हाव अम्मी, झोपलेत." मग मला हळू आवाजात म्हणाली, "सर, औषधाने पळत असतील ना?"

"यांना औषध नाही," मी म्हणालो.

"मग?"

मी एसटीडी बूथ गाठला. नांदेडला गाईडांच्या घरी फोन लावला. मीटर पळत होता आणि मी ओरडून सांगत होतो की सर, साध्या पाण्यावरचे उंदीर पळताहेत. मग त्यांनी विचारलं, "बाटल्या बघितल्यास?"

मला राग आला. मी काय पहिल्या वर्षाचा पोरगा आहे, की कुठल्या उंदराला कोणतं पाणी हे मला कळणार नाही. "बघितल्या सर," मी म्हणालो. बघितल्या नव्हत्या. "मग मला काय माहीत," असं म्हणून ते जेवायला गेले असावेत, कारण फोन बंद झाला.

बूथवरून घरापर्यंतचं अंतर मी फार सावकाश चाललो. सांगितलं तर मुलीचं वर्ष जातं. न सांगितलं आणि खरंच झालं, तर त्या शेडशेजारच्या भिंतीखाली कोण कोण झोपतं हे मी मनात मोजत होतो. किल्लारीकडच्या पोरांचे वर्गातले चेहरे डोळ्यांपुढून हलेनात. मैदानात पोचलो तेव्हा पेन्शनर काका पिंजऱ्यावर वाकलेले होते, त्यामुळे माझ्या निर्णयाची तशी गरजच उरली नव्हती. तरी त्यांनी विचारल्यावर मी मान हलवली. हो म्हणून. ती मान माझी होती.

गल्ली रडली-ओरडली नाही, हे मला अजून आठवतं. लोक नुसते उठले. गाद्या शेडपासून आणखी लांब, उघड्यावर गेल्या. चाचींनी पेटी उघडली आणि कपडे भरायला घेतले. सकाळच्या पहिल्या गाडीने कंधार. मुलगी पेटीशेजारी पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. पान उलटत नव्हती. चाचा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, पक्का?" मी शास्त्रज्ञाला शोभेल असं काहीतरी बोललो. त्यांना त्यातून पक्काच ऐकू आलं.

सकाळी उजाडलं, जमीन होती तिथेच होती, पण त्याने कुणाचं समाधान झालं नाही. चाचींची बांधाबांध झाली होती. ऑटो बोलावला होता. मी पिंजरे आत आणले, कारण हाताला दुसरं काम सुचेना, आणि सवयीने औषधाच्या पाण्याची बाटली हातात घेऊन दाणे टाकले.

पिवळे तुटून पडले. उपाशी असल्यासारखे खात होते. मी बघत राहिलो. मग मला पहिल्यांदा त्यांची पाठ दिसली. हाडं वर आलेली. एवढं खातात आणि वाळलेत.

घाबरलेला उंदीर मी शेकड्याने बघितला होता. पेटीत पहिल्यांदा सोडलेला उंदीर भिंतीला चिकटतो, थिजतो, लेंड्या टाकतो. समोर दाणे ठेवले तर तोंड लावत नाही. भीतीने अन्न सुटतं. खाऊन वाळणारा, वाळून पळणारा उंदीर एकाच गोष्टीने होतो, आणि ती गोष्ट माझ्या हातातल्या बाटलीत होती. मी वरचा पिंजरा बघितला. म्हणजे कुठल्या पिंजऱ्यात दाणे टाकतोय ते बघितलं. पिवळ्या शेपट्या वर होत्या. खालच्या पिंजऱ्यात माझे औषधाचे उंदीर एकमेकांच्या पोटात तोंड खुपसून गाढ झोपले होते.

दुपारच्या हादऱ्याला दोन्ही पिंजरे एकदम उचलले होते. मैदानात वरचा वरच राहिला. सकाळी एकेक आत आणताना उलटे झाले, आणि तेव्हापासून मी रोज सकाळी वरच्याला औषध देत होतो. उंदरांच्या शेपटीला रंग लावला होता. बाटल्यांना लावला नव्हता. त्यांची खूण माझ्या डोक्यात होती, आणि डोकं झोपेत होतं.

बाहेर ऑटोचं इंजिन सुरू होतं. मी तसाच, हातात बाटली घेऊन, धावलो.

चूक सांगायला माणसाला सगळ्यात वाईट जागा म्हणजे ऑटोचं दार. चाचा, चाची, पेटी आणि मुलगी असे सगळे आत कोंबलेले, पेन्शनर काका निरोपाला, आणि मी बाटली हलवत थायरॉईड, वरचा पिंजरा, खालचा पिंजरा असं काहीतरी बरळतोय. निम्मं ऐकून चाचींनी चाचांना विचारलं, "काल उंदीर खोटं बोलले, का आज हा बोलतोय?"

प्रश्न रास्त होता. औषध बंद केलं तर पिवळे शांत होतील, पण त्याला काही दिवस लागतात, आणि गाडी आत्ता होती. मी ते प्रामाणिकपणे सांगितलं, म्हणजे आणखी खड्ड्यात गेलो. काका म्हणाले की मास्तर काल गंभीर होते, आज घाबरलेले दिसतात, मग कुठलं धरायचं.

तेव्हा मुलगी बोलली. आईशी नाही, माझ्याशी. "सर, तुम्हाला खरंच वाटतं घर पडणार नाही?"

"न्हाई पडत."

"मग तुम्ही घरात राहा."

ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं. ती पुढे म्हणाली, अगदी तोंडी परीक्षेत विचारावं तसं, "रात्रंदिवस. बाहेर नाही यायचं. तुम्ही आत असाल तर अम्मीला वाटेल की तुमची खात्री आहे."

आता हे सांगायला हवं की भूकंपाच्या दिवसापासून मी एकही रात्र छताखाली काढली नव्हती. क्लासमध्येही फळ्याशी उभा राहून शिकवताना माझा एक पाय दाराकडे असायचा. गल्लीला धीर देणारा जो मास्तर होता तो सगळा मैदानातला होता. आणि माझ्या खोलीच्या आढ्याला एक चीर होती, बोटभर. चाचींना ती माहीत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या चिरेच्या दिशेला बघितलं, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा मजा आली.

"हौ," चाची म्हणाल्या. "राहतो का, विचारा त्याला."

मी राहतो म्हणालो. माझा आवाज जरा वरच्या पट्टीत गेला.

चाचींनी अर्धाच विश्वास ठेवला. त्या स्वतः पेटी घेऊन कंधारला गेल्या. चाचा आणि मुलगी उतरले. शेडमध्ये राहायचं, परीक्षा संपली की कंधार, असं ठरलं. जाताना चाचींनी चाचांना बजावलं की मास्तर एकदा जरी बाहेर दिसला, तर पोरीला घेऊन निघायचं, पेपर असो नसो.

मी आत गेलो. ते दिवस मी कसे काढले ते सांगून माझी आणखी शोभा करत नाही. ट्रक गेला की मी खाटेची कड धरायचो. आढ्यातून जरा माती पडली तर तोंडात येतील ती सगळी देवाची नावं घ्यायचो, हिंदूंची आणि चाचांकडून ऐकलेली दोन्ही. क्लासला मी ताप आल्याचा निरोप पाठवला. अंगाला थरथर खरीच होती. फडताळात औषधाचे उंदीर घोरत होते. पिवळे पळत होते आणि त्यांच्याकडे बघायची मला हिंमत नव्हती. मधेच चाचा खिडकीतून डोकावून जेवण द्यायचे आणि मी बसलेला आहे याची खात्री करून जायचे.

पहिल्या पेपरच्या सकाळी ती निघाली. खिडकीशी थांबली. मी खाटेवर ताठ बसलो होतो, हातपाय आवळून, डोळे आढ्यावर. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सर, जाते."

मी मान हलवली. बोललो असतो तर तिला कळलं असतं.

पेपर चालू असताना एक हादरा बसला. छोटा, भांडंसुद्धा नीट वाजलं नाही. मी उभा राहिलो. दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला. बाहेर गल्ली पळत होती, आणि त्या गर्दीत चाचा उभे होते. पळत नव्हते, माझ्या दाराकडे बघत होते. मी बाहेर आलो असतो, तर त्यांना बायकोला दिलेला शब्द पाळावा लागला असता. परीक्षेच्या वर्गातून तिला उठवून आणावं लागलं असतं. कडीवरचा हात मी तिथेच धरून ठेवला. सगळं थांबेपर्यंत. मग परत खाटेवर येऊन बसलो.

ती आली तेव्हा ऊन चढलं होतं. खिडकीतून तिने प्रश्नपत्रिका आत दाखवली, बरा गेला म्हणाली. परीक्षा चालू असताना बाकं हलली, सगळे उठले, तिच्या मनात आलं की आता अब्बा दारात येतील. आले नाहीत, म्हणून ती बसून लिहीत राहिली. मी विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, वाटली ना, पण तुम्ही आत होता.

मी म्हटलं चला, संपलं एकदाचं, आणि चपला शोधायला लागलो.

चाचा खिडकीत आले. त्यांच्या हातात माझं दुपारचं ताट होतं.

"बसा मास्तर," ते म्हणाले. "उद्या फिजिक्स आहे."